ओलं कातडं

अप्पा,

परवा तुमचा तवा लावला. ती जपानी रेकॉर्ड हो, नारिंगी कव्हरची, जिच्यावर एका म्हाताऱ्या माणसाचा नुसता तळपाय छापलाय आणि खाली काड्या मोडून पसरल्यासारखी अक्षरं. सगळं जग रेकॉर्ड म्हणायचं, तुम्ही शेवटपर्यंत तवाच म्हणालात. धाकट्याचा पोरगा पुण्याहून आलाय चार दिवस. त्याच्या बॅगेत कपडे दोन आणि रेकॉर्ड लावायचं यंत्र एक; हल्लीच्या पोरांना हे खूळ पुन्हा लागलंय. पांघरायला काही मिळतंय का म्हणून त्यानं माझ्या ट्रंकेत हात घातला आणि साड्यांच्या खालून तुमचा तवा वर आला. पोरगं किंचाळलंच. "आत्या, हे तुझ्याकडं कसं? लोक जन्मभर शोधतात, मिळत नाही हे!" मी म्हटलं, माझं नाही बाबा, तुझ्या आजोबांचं. त्याचा विश्वासच बसेना. मग कव्हर उलटंसुलटं करून विचारतो, "आणि ह्याच्यावर हळदीकुंकू कुणी लावलं?"

त्याला सगळं सांगितलं नाही. सांगण्यासारखं माणूस एकच, तुम्ही, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मीच वयानं तुमच्यापेक्षा थोरली झालेय. पण लिहायला बसले त्याला कारण आहे. ह्या तव्याबद्दल तुम्ही लातुरात एक वाक्य बोलला होतात. तिथं दोन शिकलीसवरली माणसं होती आणि मी होते. ते वाक्य खरं होतं की नाही, ह्याचा निकाल त्या दिवशी कुणीच दिला नाही. अव्वल कारकून म्हणून मी हजारो फायली निकाली काढल्या, ही एक तशीच पडून राहिली. आज ती काढायची म्हणून कागद पुढं ओढलाय.

आधी आपली नांदेडची खोली आठवते. नदीकडं उतरणाऱ्या गल्लीतली, पुढं तुमचं काम आणि मागं आपला संसार. भिंतीला ढोलक्या, पखवाज, हलग्या, कुणीतरी दुरुस्तीला देऊन कायमची विसरलेली संबळाची जोडी. आणि सगळ्याला तो चुन्याचा, भिजल्या कातड्याचा वास. तो माझ्या फ्रॉकलाही यायचा आणि शाळेत पोरी बाकावर लांब सरकून बसायच्या. भजनी मंडळी पखवाज न्यायला यायची, आधी त्याच्या पाया पडायची, आणि मग तुमच्या हाताला हात लागू नये म्हणून म्हणायची, "खाली ठेवा, आम्ही उचलतो." तुम्ही म्हणायचात, "वाद्य भुईला ठेवत न्हाईत, देवा," आणि सावकाश पोतं अंथरून त्यावर ठेवायचात. तुम्हाला राग आलेला मला कधी दिसला नाही. मलाच यायचा, आणि मोप यायचा.

पावसाळ्यात तर आपल्या दारात जत्रा. हवा ओली झाली की कातडं ढिलं पडतं, मग ज्याची त्याची ढोलकी बसलेली आणि प्रत्येकाला ती गणपतीच्या आत बोलती करून पाहिजे. तुम्ही शेगडी पेटवायचात. हलगी निखाऱ्यांवर धरून गोल फिरवायचात, अंगठ्यानं दाबून बघायचात, पुन्हा धरायचात. "शेकणं म्हंजी निम्मं काम," तुम्ही म्हणायचात, "कातड्यातली ओल निघाली की मग ते बोलतंय." आणि तिथंच माझा खेळ चालायचा. "पाठ करून बस, माय." मी भिंतीकडं तोंड करून बसायची. मागं दोन वाद्यांवर एकेक थाप पडायची. "कोणचं ओलं?" मी सांगायची. मग तीन वाद्यं, मग चार. मग तर एकच वाजवून विचारायचात, काल शेकलं का आज? मी एकदाही चुकले नाही. तुम्ही आईला हाक मारून सांगायचात, "पोरीनं माझे कान घेतले गं!" आणि आई आतून म्हणायची, "कान घेऊन काय चाटायचेत? शिकवा अन् नोकरीला लावा तिला." मी दोघांचंही ऐकलं.

नोकरी लागली ती लातूरला. जिल्हा नुकताच उस्मानाबादेतून वेगळा निघाला होता. पाट्यांचा रंग ओला आणि आत सगळं जुनंच. तिकडून दप्तरांचे गठ्ठे ट्रकनं यायचे. कोऱ्या कागदांच्या माथ्यावर जुन्याच जिल्ह्याचं नाव छापलेलं असायचं, आम्ही टायपिस्ट पोरी त्याच्यावर फुल्या मारायचो आणि वर "लातूर" टाइप करायचो. मला ते काम फार आवडायचं. जुनं नाव खोडायचं, नवं टाकायचं, कुणी काही विचारत नाही. पहिल्याच आठवड्यात डबा खाताना एकीनं विचारलं, "वडील काय करतात गं?" मी म्हटलं, "नांदेडला वाद्यांचं दुकान आहे." खोटं नव्हतं ते. भिंतीला वाद्यं होती, दाराला फळ्या होत्या. फक्त कातडं हा शब्द मी नांदेडला ठेवून आले होते. ढोलकीचं बोलणं निघालंच तर तिच्या तोंडावर ताणलेल्या भागाला पुडी म्हणायची. पुडी कशाची असते, हे विचारायला कुणाला सुचत नाही.

त्यात पाऊस नाही. आभाळ भरून यायचं, सगळे दारात येऊन उभे राहायचे, आणि ते आमच्या डोक्यावरून दुसऱ्याच कुणाच्या गावाला निघून जायचं. आम्ही तिघी पोरी एका खोलीत. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची, विसळायची नाहीत. टँकर आला की ऑफिसची साडी तशीच खोचून घागरी घेऊन पळायचं. आमच्याच ऑफिसच्या वरच्या मजल्यावर भूजलाचे एक साहेब बसायचे. कुठं बोअर घ्यावं, किती खाली पाणी लागेल, हे सांगायचं त्यांचं काम, आणि त्या साली त्यांच्या दारात सदा गर्दी. मोठा भला माणूस. शिक्षणासाठी सरकारनं त्यांना काही महिने जपानला पाठवलं होतं. येताना लोक घड्याळ आणतात, रेडिओ आणतात, ह्यांनी एका जुन्यापान्या दुकानातून तुमचा हा तवा आणला, का तर कव्हरच्या मागच्या बाजूला ढोल-डग्यांचा फोटो होता. वाद्यांच्या दुकानाचं त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "वडील आले की घरी घेऊन या. माझ्याकडं एक अजब चीज आहे. मला तर तिचं डोकंही सापडेना आणि शेपूटही."

तुम्ही आलात ते पाण्याचा कॅन घेऊन. नांदेडहून गोदावरीचं पाणी, लोहा, अहमदपूर, चाकूर करत, मांडीवर धरून. कंडक्टरनं म्हणे विचारलं, "मामा, काय हाय कॅनमदी? तेल का?" आणि तुम्ही म्हणालात, "लेकीचं माहेर हाय. धक्का लागू देऊ नका." हे तुम्ही माझ्या मैत्रिणींना हसत हसत सांगत होतात आणि मी मोरीत जाऊन डोळे पुसत होते. त्यातल्या निम्म्या पाण्यानं आम्ही तिघींनी त्या दिवशी केस धुतले. पुढं आठवडाभर खोलीत कुणी कुणाशी भांडलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार, सकाळची वेळ. साहेबांच्या क्वार्टरच्या पायरीवर तुम्ही चप्पल काढता, टोपी नीट करता, आणि आत गेल्या गेल्या म्हणता, "साहेब, ते वर ठेवता का?" त्यांचं यंत्र जमिनीवर मांडलेलं असतं. साहेब उठतात, स्वतः उचलून टेबलावर ठेवतात. मग तुम्ही खुर्चीवर बसता, टेकून नाही, काठावर. साहेबांच्या बाई चहा ठेवायला जातात. साहेब सुई टेकवतात.

आधी काहीच नाही. नुसती खरखर. मग लांब कुठंतरी एक बारीक घंटी, पुन्हा गप्प, पुन्हा घंटी. मग सॅक्सोफोन. तुम्ही लगेच हरखून, "हे आपल्या बँडवाल्याचं वाकडं पितळी हाय की!" हो, तेच, पण बँडवाला ज्यात वरात वाजवतो त्यात हा बाबा नुसता आपला श्वास वाजवत होता, दम लागलेला, मधेच रुसलेला, मधेच ओरडणारा. मग गिटार आली, ती तर सरळ बोलेचना. रसवंतीच्या चरकात ऊस अडकला की तो कसा कण्हतो, तसं काहीतरी, आणि ते लांबतच जाणारं. बाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि हसल्या. मलाही हसू फुटत होतं. आणि मग, अप्पा, खालून वाद्यं आली. पाच की सहा माणसं असतील. ज्याचा त्याचा ठेका निराळा, कुणी कुणासाठी थांबत नाही, आता हे सगळं सांडणार असं वाटतं, आणि कुठल्या तरी एका क्षणी सगळ्यांचा पाय एकदम पडतो, भिंती हलल्यासारख्या होतात, आणि पुन्हा जो तो आपल्या वाटेनं सुटतो. माझं हसू गेलं. अंगावर काटा आला. साहेब खिडकीबाहेर बघत होते, बाईंनी ट्रे तसाच हातात धरलेला. आपल्याला ना भाषा माहीत, ना देश माहीत, ना देव माहीत, आणि तरी कुणीतरी लांबून आपल्याच छातीवर थाप मारतंय असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

तुमच्या कपाळाला मात्र आठी होती. उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती, थांबत होती. मग तुम्ही म्हणालात, "ह्यांनी शेकली न्हाईत."

साहेब म्हणाले, "काय म्हणालात?"

"वाद्यं शेकली न्हाईत, साहेब. ओलं कातडं हाय हे. थाप पडली की आवाज वर जात न्हाई, बघा, खाली बसून राहिलाय. हे वाजवलं तव्हा तिकडं पाऊस व्हता. लई दिसांचा. झडच असंल."

साहेब हसले, पण चांगलं हसले. "अहो मामा, हे लोक बंद खोलीत वाजवतात. काचा लावलेल्या, भिंतींना गाद्या लावलेल्या. आत पाऊस कसा येईल?"

"पाऊस न्हाई येत. ओल येती," तुम्ही म्हणालात. आणि तेवढ्यात त्या तव्यावर सगळे थांबले आणि एकटंच एक मोठं वाद्य उरलं, सावकाश, एक थाप, दुसरी थाप, प्रत्येक थाप पडून जमिनीत मुरत गेल्यासारखी. तुमची आठी गेली. तुम्ही खुर्चीवरून उठून उभेच राहिलात. "अरारारा! चुकून न्हाई हे, साहेब. ह्यांना ठावं हाय ओलं हाय म्हणून. आमी जल्मभर ओल काढत बसलो, निखाऱ्यावर बोटं भाजली, अन् ही माणसं बघा, ओलच वाजवून राहिली!" तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाहेर रस्त्यावर रिकाम्या घागरींची रांग होती, आणि तुम्ही आत उभं राहून कुठल्या तरी परक्या मुलखातला पाऊस ऐकत होतात. इतका आनंद मी तुमच्या तोंडावर माझी नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही बघितला नव्हता.

मग तुम्हाला राहवेना. तुम्ही सांगायला लागलात. बकऱ्याचं पोटाचं कातडं कसं वेगळं आणि पाठीचं कसं वेगळं, चुन्यात किती दिवस ठेवायचं, केस कसे खरवडायचे, ओल धरली की कोणचं कातडं कसं बोलतं. दोन्ही हात हवेत, जणू समोर कातडं भिजत घातलेलं घमेलं आहे. त्याच वेळी बाईंनी ट्रे टेबलावर ठेवला आणि हात पदराला पुसले. हात ओले असतील म्हणून पुसले असतील. पण मला शाळेतला बाक आठवला. आणि मी म्हणाले, "अप्पा, कातड्याचं काय घेऊन बसलात? चहा घ्या, गार होतोय."

तुमचे हात खाली आले. तवा आपला वाजतच होता. साहेबांना बिचाऱ्यांना अवघडल्यासारखं झालं असावं. त्यांनी माझ्याकडं वळून, अगदी मनापासून विचारलं, "तुम्ही तर ह्यांच्या घरातल्या. तुम्हाला येतं का हो ऐकू, ते ओल्याचं?" मी म्हणाले, "छे, मला त्यातलं काही कळत नाही."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागानं नाही. नुसतं बघितलंत, मग बशीत चहा ओतलात आणि म्हणालात, "बरं, बाई." जन्मल्यापासून मला माय म्हणत होतात. साहेबांनी त्यानंतर दुसरी बाजू लावली, ती मला आठवत नाही. स्टँडवर तुम्ही एवढंच बोललात की पाणी पुरवून वापरा, कॅन रिकामा झाला की कुणाच्या तरी हाती परत धाडा. त्यानंतर मी घरी आले की माय म्हणायचात, तसं काही बदललं नाही. पण माझ्यासमोर वाद्यावर थाप मारून "कोणचं ओलं?" असं तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत. मी आता मोठी नोकरदार बाई झालेय म्हणून विचारत नसतील, अशी माझी मीच समजूत घातली.

वर्षभरानं साहेबांची बदली झाली. सामान बांधताना त्यांनी मला बोलावलं आणि तवा हातात दिला. म्हणाले, "हा तुमच्या वडिलांना द्या. माझ्याजवळ राहून उपयोग नाही. मी दगड फोडून पाणी शोधतो, त्यांनी बसल्या जागी शोधलं." मी नांदेडला आणून दिला. घरात लावायला यंत्र कुठलं! तुम्ही तो ढोलक्यांच्या ओळीत खुंटीच्या वर मांडला, आणि खंडेनवमीला आरी, रापी, सुया ह्यांच्याबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहिलंत, बरोबर त्या तळपायाच्या अंगठ्यावर. एकदा, जेवताना, मान वर न करता विचारलंत, "ते ऐकाया मिळंल का गं पुन्हा?" मी म्हणाले, "बघू." पगार येत होता, लातुरात दुकानं होती. बघू म्हणण्यात दोन-तीन पावसाळे गेले आणि मग तुम्हीच गेलात. आईनं नंतर सांगितलं की शेवटच्या पावसाळ्यात म्हातारं येडं झालं होतं. सगळ्यांची वाद्यं शेकून द्यायचं, आणि घरातली एक ढोलकी मात्र मुद्दाम न शेकता ठेवायचं, झड लागली की दुपारी तीच घेऊन बसायचं, एकेक थाप मारत. तवा मी माझ्या ट्रंकेत आणून ठेवला, आणि ती ढोलकीही मागून घेतली. लातूरच्या माझ्या घरात भिंतीला आहे. येणारे-जाणारे शोभेची समजतात, मीही सांगत नाही.

तर परवा. पोरानं आधी मोबाईल काढला आणि त्या काडीकाडी अक्षरांवर धरला. म्हणाला, थांब, हा मराठीत करून सांगतो. मला वाटलं आता कागदोपत्री काहीतरी मिळेल, कुठल्या महिन्यात वाजवलं, बाहेर काय होतं. मोबाईलनं सांगितलं ते असं: वाजवणाऱ्यांची नावं, वाद्यांची यादी, आणि एक ओळ, "जिना श्वास घेतो, कृपया मोठ्या आवाजात." पावसाचं अक्षर नाही. पोरगं हसून लोळायला लागलं. माझा जीव मात्र खाली बसला, कारण त्या क्षणी मला कळलं की इतकी वर्षं मी हीच वाट बघत होते, कुठल्या तरी कागदानं तुमच्या बाजूनं सही करावी म्हणून.

बाहेर झड होती. तिसरा दिवस, कपडे वाळेनात, मीठ पाझरलेलं. पोरानं सुई टेकवली. घंटी आली, तो श्वास आला, तो कण्हणारा चरक आला, आणि पुन्हा तसाच काटा आला अंगावर, आता तर गुडघेही दुखतात तरी आला. मग सगळे थांबले आणि ते एकटं वाद्य उरलं. मी उठले, भिंतीवरची तुमची ढोलकी काढली, शेकली नाही, पुसलीही नाही, आणि त्याच्या दोन थापांच्या मधल्या जागेत एक थाप मारली. पोरगं उठून बसलं. "आत्या, पुन्हा मार." मारली. तो एकदा तव्याकडं बघतो, एकदा ढोलकीकडं. म्हणतो, "दोन्ही सारखेच खाली का बसतायत गं?" ह्याला कुणी शिकवलेलं नाही अप्पा, ह्यानं आपली खोली बघितलेली नाही. तरी तुमचंच वाक्य बोलला. मी म्हटलं, कातडं ओलं आहे, बाळा. दोन्हीकडं. कातडं म्हणाले मी, मोठ्यानं. पोरगं खूश होऊन म्हणालं, "भारी! म्हणजे तुला आज कळलं होय!" आणि मी मान हलवली.

हे पत्र टाकायचं कुठं म्हणा. तव्याच्या कव्हरमध्ये सरकवून ठेवते, त्या तळपायाच्या मागं. पोरगं उद्या तवा पुण्याला नेतो म्हणतंय, मी नेऊ देणार नाही, त्याला वाटेल म्हातारी चिकट आहे. वाटू दे. त्याच्यापुढं मान हलवली तशी तुमच्यापुढं हलवत नाही. निकाल काढायला बसले म्हणाले, पण काढायचा निकाल काही नव्हताच. त्या रविवारी साहेबांच्या घरी, तुम्ही तोंड उघडायच्या आधी, पहिलीच थाप पडली तेव्हा मला ऐकू आलं होतं, अप्पा. ओलं होतं.